अंबाजोगाई ते गुलमर्ग: स्की शिकायच्या कामाची वही

9 नोव्हेंबर

हरभरा पेरून झाला. तूर जानेवारीच्या मध्यात निघेल, हरभरा फेब्रुवारीच्या मध्यात. मधले तीन आठवडे माझे. वय 43, वजन 81, उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून घसरून दुखावलेला. सोबत पुतण्या, वय 22. गुलमर्गला जाऊन स्की शिकायची. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून खाली यायचं, हवं तिथं वळायचं, हवं तिथं थांबायचं, एवढंच काम. आमच्या भागात विचारायला कुणी सापडलं नाही म्हणून वही ठेवतोय. पुढं कुणी निघालं तर आमचे पैसे जिथं बुडाले तिथं त्याचे बुडू नयेत.

आमच्याकडे बर्फ म्हणजे गारा. 2014 च्या मार्चमधली गारपीट मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. आमचा गहू आडवा झाला होता आणि अंगणातून घमेल्यानं गारा काढल्या होत्या. आईचं म्हणणं, "तेच बघायला पैशे देऊन जायलास व्हय?"

16 नोव्हेंबर

पहिली चूक. दिल्लीहून जुन्या स्की मागवल्या, बुटांसकट. 7,500 रुपये आणि पार्सलचे 1,400. विचार असा, की घरी सराव होईल आणि तिथलं भाडं वाचेल. फोटोत छान दिसत होत्या. हातात आल्यावर टेप लावला तर 188 सेंटिमीटर. माझी उंची 168. नवशिक्याला स्की उभी केल्यावर हनुवटीपर्यंत आली की बास, हे पैसे गेल्यावर वाचलं. त्यात या जुन्या सरळ पट्ट्या. आताच्या स्की टोकाला आणि शेपटीला रुंद, मध्ये बारीक असतात, त्या आकारामुळं त्या वळतात. आमच्या म्हणजे नुसत्या फळ्या.

बूट मापानं दीड सेंटिमीटर मोठे. स्कीच्या बुटाचं माप पायाच्या लांबीत, सेंटिमीटरमध्ये असतं. मी चपलेचा नंबर सांगून मोकळा झालो होतो.

23 नोव्हेंबर

ही नोंद लिहायची लाज वाटते, कारण माझं स्वतःचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. स्कीच्या दोन्ही बाजूंना पोलादाची बारीक कड असते, बर्फात तीच चावते. आमच्या कडा गंजलेल्या. मी अँगल ग्राइंडर लावला. दोन सेकंदांत कड निळी पडली, म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं, कड मऊ झाली. खालचा तळ प्लास्टिकचा, तो वितळून कडेला गोळा झाला. पुतण्या बाजूला उभा राहून व्हिडिओ काढत होता.

तळ पॉलिइथिलिनचा असतो, ठिबकच्या नळीचं प्लास्टिक त्याच जातीचं. म्हणून नळीचा तुकडा पेटवून खड्ड्यात थेंब थेंब सोडले. थंड झाल्यावर पॉलिश पेपर मारला. दिसायला झकास झालं, नखानं उचकटलं तर आख्खी खपली हातात. तळ आधी गरम करून, घासून घ्यायला हवा होता का प्लास्टिकची प्रत वेगळी, ते शोधत बसलो नाही. कडेचं काम हातकानशीनं, एकाच दिशेनं, हलक्या हातानं करायचं. ग्राइंडर त्या खोलीतसुद्धा आणू नका.

2 ते 12 डिसेंबर

अकरा दिवस घालवले, त्यातला एकच कामाचा.

शेततळ्याच्या बाहेरचा भराव ट्रॅक्टरच्या पात्यानं ओढून 14 मीटर लांब उतार केला, वरून खाली 3 मीटरचा फरक. साधारण 12 अंश. सोप्या उताराला एवढं पुरे. त्यावर तळ्यातून बदलून काढलेला 500 मायक्रॉनचा जुना प्लास्टिकचा कागद अंथरला. पहिल्या दिवशी कोरडा. स्की हलेनाच. दुसऱ्या दिवशी वर सोयाबीनचं भुसकट पसरलं; दोन मीटर गेलो आणि सगळं भुसकट स्कीपुढं ढिगासारखं गोळा झालं. तिसऱ्या दिवशी पाण्यात धुण्याचा साबण कालवून झारीनं मारला. मग मात्र असा सुटलो, की भरावाच्या पायथ्याची बाभूळ दिसली आणि मी मुद्दाम बसलो. ढुंगणावर थांबलो. कागदावर कड चावत नाही, त्यामुळं वळणं नाही आणि थांबणंही नाही. चावलीच तर कागद फाटतो.

सातव्या दिवशी पुतण्या पुढं झुकला आणि डाव्या बुटाचं कवच फाटलं. आवाज मडकं फुटल्यासारखा. जुन्या बुटांचं प्लास्टिक वर्षानुवर्षं पडून कडक होतं आणि वजन येताच तुटतं. पायाला लागलं नाही, नशीब. जुने बूट घेऊच नका. फुकट मिळाले तरी नको.

कामाचा दिवस तो, ज्या दिवशी आम्ही घसरायचा नाद सोडून उतारावर नुसते आडवे पाय टाकत चढलो. स्की आडव्या ठेवून, वरची कड रोवून, बाजूबाजूनं. आणि पडल्यावर उठायचं कसं ते: आधी दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या, मग उठायचं. पाय खालच्या दिशेला ठेवून उठायला गेलं की उठता उठताच गाडी सुटते. तिथं गेल्यावर या दोन गोष्टींनी अर्धा दिवस वाचवला.

20 डिसेंबर

मांड्या. भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसायचं. पहिल्या दिवशी 35 सेकंद, आज 1 मिनिट 50. मुकुंदराजाच्या समाधीच्या बाजूचा उतार रोज संध्याकाळी उतरतो, चढताना रिक्षानं. लोकांना उलटं वाटतं, पण चढणं दमाचं काम आणि उतरणं मांड्यांचं. आपल्याला मांड्याच लागणार.

3 जानेवारी

बुकिंग. इथं खरी धाकधूक. 2024 च्या जानेवारीत गुलमर्गात बर्फच नव्हता, हिरवट-पिवळं गवत दिसत होतं. 2025 च्या फेब्रुवारीत खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढं ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. सगळं त्या पश्चिमेकडून येणाऱ्या झंझावातावर. तो आला तर काश्मिरात बर्फ पडतो, त्याचा शेपटा लांबला की आपल्याकडं कधी कधी गारपीट. एकाच ढगाकडं एकानं आशेनं बघायचं, दुसऱ्यानं धास्तीनं. यंदा मी दोन्हीकडं.

खोली पैसे परत मिळतील अशा बोलीवर घेतली, रोज 2,000, अकरा रात्री. विमान दिल्ली-श्रीनगर, दोघांचं जाऊन येऊन 20,800. दिल्लीपर्यंत सचखंड एक्सप्रेस.

21 ते 23 जानेवारी

परभणीहून सकाळी सचखंड. वाटेत काही स्टेशनांवर लंगर येतो, भांडं आपलं हवं. आमच्याकडं भांडंच नव्हतं. पुतण्यानं टिफिनचं झाकण पुढं केलं आणि कढी सांडून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी दिल्ली. 23 ला श्रीनगर. टंगमर्गला गाडी बदलली, पुढचे तेरा किलोमीटर चाकांना साखळ्या बांधलेल्या गाडीनं. साखळीचा आवाज थेट उसाच्या ट्रॉलीसारखा.

24 जानेवारी, पहिला दिवस

सगळं भाड्यानं: स्की, बूट, काठ्या, पँट मिळून माणशी रोज 900. दोघांत एक शिकवणारा, रोज 2,500, सहा दिवस ठरवला. आम्ही त्याला उस्ताद म्हणायला लागलो, तो मला चाचा.

चूक: थंडीच्या भीतीनं लोकरीचे दोन-दोन मोजे घातले. अर्ध्या तासात बोटं बधिर. उस्तादानं खाली बसवून बूट काढायला लावले, एक मोजा स्वतः ओढून माझ्या खिशात कोंबला. बूट आवळलेला, त्यात दोन मोजे, म्हणजे रक्तच खाली जात नाही, पाय जास्तच गारठतो. मोजा एकच, पातळ, नडगीपर्यंत, आणि त्यात सुरकुती नको. बूट घालून ताठ उभं राहिलं की बोटं पुढं टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की मागं सरकली पाहिजेत. हे बघूनच दुकानातून बाहेर पडा. मी दोनदा परत गेलो.

गोल्फच्या मैदानाकडच्या लहान उतारावर दिवसभर. पुढची टोकं जवळ, टाचा लांब, असा व्ही करून वेग मारायचा. त्याला म्हणतात बर्फाचा नांगर. मला वाटलं, नांगर तर आपल्या घरचाच. पण आपण औत हाकताना मागं रेलतो, इथं मागं रेललं की टोकं हलकी होतात आणि स्की पळायला लागते. नडगी बुटाच्या जिभेवर दाबून धरायची, म्हणजे जिथं पडायची भीती तिकडंच झुकायचं. दिवसभरात 23 वेळा पडलो. पुतण्या 9. पोरगं क्रिकेट खेळतं.

25 जानेवारी

रात्रीपासून बर्फ. आकाश, डोंगर, जमीन सगळं एकाच रंगाचं. उतार कुठं संपतो ते पायाला कळतं, डोळ्याला नाही. दोन खेपा करून दुकानात गेलो, त्यानं सेट परत घेतला आणि आजचं भाडं लावलं नाही. खोलीत भिंतीला पाठ लावून बसलो. नमकीन चहा आणि गिरदा, म्हणजे तिथली रोटी. पुतण्याला चहा आवडला नाही, मला दुसऱ्या कपापासून आवडला.

26 जानेवारी

गुडघ्याखाली नवा, कोरडा बर्फ. मुठीत दाबला तर पिठासारखा सुटतो, गोळा होत नाही. पडलं की लागत नाही, त्यामुळं धीर आला. पण नांगर चालेना; स्की आत बुडतात, व्ही उघडतच नाही. आणि स्की सुटली की बर्फाखाली गडप. माझी डावी शोधायला पंचवीस मिनिटं लागली. ती सापडली मी पडलो त्याच्या वरच्या बाजूला, मी खाली शोधत होतो.

27 जानेवारी

आजचा दिवस सोन्याचा. रात्रीतून यंत्रानं बर्फ दाबून सरी पाडल्यासारखा केला होता. ऊन. पहिल्यांदा उजवीकडं वळलो, वळायचं म्हणून वळलो. उस्ताद ओरडत होता, "नीचे वाला पैर, चाचा, नीचे वाला!" वळताना सगळं वजन बाहेरच्या, म्हणजे वळणानंतर जी खालच्या बाजूला येते त्या स्कीवर. मी सवयीनं डोंगराकडं कलत होतो. ज्या क्षणी खालच्या पायावर उभा राहिलो, त्या क्षणी कडेनं बर्फ कापल्याचा आवाज आला, कडबाकुट्टीत ओला कडबा गेल्यासारखा. तो आवाज परत आणायला मी नंतर दिवसभर झटत होतो.

उजवी वळणं जमली. डावी नाहीत, त्यात वजन उजव्या पायावर येतं आणि उजव्या गुडघ्यावर विश्वास नाही.

28 जानेवारी

काल जमलं म्हणून आज सकाळी साडेआठलाच जाऊन उभा राहिलो, उस्ताद यायच्या आधी. काल उन्हानं वरचा थर ओला झाला, रात्री गोठला. काचेवर उभं राहिल्यासारखं. नांगर केला, कडा नुसत्या खरवडत राहिल्या. वेग वाढला, मागं रेललो, टोकं सुटली, माकडहाडावर आपटलो. पुढचे तीन दिवस बसताना आईचं नाव घेतलं. उस्ताद साडेदहाला आला, बर्फावर काठी टोचून म्हणाला, "अभी नहीं." आणि शेकोटीकडं निघून गेला. मला त्याचा राग आला होता. रोजचे अडीच हजार, आणि हा शेकत बसलाय.

29 जानेवारी

राग मनात होताच. आज त्यानं एक वाजता पुरे म्हटलं तरी आम्ही दोघं साडेतीनपर्यंत राहिलो. पैसे वसूल. अडीचनंतर बर्फ काकवीसारखा झाला. सावलीतून उन्हात आलो, की स्की अचानक धरल्यासारखी थांबते आणि अंग पुढं जातं. पुतण्याचा गुडघा पिळवटला. सुजला नाही, पण दुसरा दिवस बसून काढला. म्हणजे वाचवायला गेलो दोन तास, घालवला एक दिवस.

30 जानेवारी

आज उस्तादानं हिशोब सांगितला. चिल्लई कलाँ, म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे चाळीस कडक थंडीचे दिवस, आता सरत आले. ऊन जोर धरतंय. आता बर्फ रोज सकाळी दगड, दुपारी चिखल, आणि मध्ये दोन-अडीच तास बरोबर. "उसी में चलना है."

मी जागेवर उभा राहिलो. हे मला कुणी सांगायला पाहिजे होतं का? वाफसा, म्हणजे रानात औत घालण्याजोगी ओल, आला नसताना कुळव घातला तर ढेकळं निघतात. वाळून गेल्यावर घातला तर फास वरच्या वर उड्या मारते. वडील कधी घड्याळ बघून औत जुंपत नव्हते. मूठभर माती घेऊन दाबायचे, लाडू झाला तर वरून टाकायचे. पसरट पडला तर घरी. फुटून मोकळा झाला तर बैल जुंपा.

मी हातमोजा काढला, वरचा दोन बोटं थर खरवडून मूठ दाबली. साडेनऊला: खडे, दाबलेच जात नाहीत, तळहाताला बोचतात. सव्वाअकराला: साबुदाण्यासारखे दाणे, एकमेकांना जेमतेम धरणारे, टाकला की फुटतो. दीडला: गोळा, दाबल्यावर बोटांतून पाणी. सव्वाअकरा ते एक या वेळात मी सहा खेपा केल्या, दोनदाच पडलो आणि पहिली डावी वळणं निघाली. गुडघा तोच होता.

उस्तादाला मुठीची गोष्ट दाखवली. हसला. म्हणाला त्याचे अब्बा बुटाची टाच मारून बघायचे.

दुपारच्या चिकट बर्फावर एक उपाय सापडला: खोलीतली साधी मेणबत्ती कोरड्या तळाला घासून बुचानं चोळायची. चार-पाच खेपा टिकते. खरं स्कीचं मेण हवामानाप्रमाणं वेगवेगळं मिळतं आणि इस्त्रीनं लावतात. मेणबत्ती ही जुगाड आहे.

31 जानेवारी

गंडोल्यानं, म्हणजे दोरावरच्या बंद पाळण्यानं, पहिल्या टप्प्याला कोंगडोरीला, जवळपास 3,080 मीटर. खाली गुलमर्ग 2,650 वर आहे, म्हणजे चारशे मीटर वर आलो आणि तिथला वाफसा वेगळा! खाली सव्वाअकराला जे दाणे मिळत होते ते इथं बारालाही नाहीत. उताराचं तोंड कुठल्या दिशेला, सावली कशाची, त्यावरही बदलतो. झाडांच्या सावलीतल्या पट्ट्यात एकपर्यंत काच. आमच्या चुनखडीच्या पट्ट्यात आणि नाल्याकाठच्या काळ्या रानात एकाच पावसानंतर दोन-तीन दिवसांचा फरक पडतो, तसंच. दर पन्नास पावलांवर मूठ दाबत बसलो, पुतण्या लाजेनं दूर जाऊन उभा.

खुर्चीच्या पाळण्यातून मेरी शोल्डरला एकदाच गेलो. खुर्ची थांबत नाही. टोकं वर ठेवायची, जमिनीला टेकली की उभं राहायचं, पुढं सरकायचं. मी उभा राहिलो, सरकलो नाही. मागची खुर्ची मांड्यांना लागली. खाली यायला 50 मिनिटं, आडवं आडवं कापत. वर चढताना जे 10 मिनिटांत दिसलं होतं तेवढ्यासाठी.

1 फेब्रुवारी

वारा. अफरवतला, जवळपास 3,950 मीटरला, जाणारा गंडोल्याचा वरचा टप्पा बंद. तिकडं आपलं काही काम नाहीच, ते दाबलेलं रान नाही, हिमस्खलनाचं आहे. 2023 च्या 1 फेब्रुवारीला तिथंच पोलंडचे दोन स्कीवाले गाडले गेले. आज तीच तारीख. दोरीच्या पलीकडं पाय टाकू नका, एवढंच लिहितो. पुतण्याची फार इच्छा होती. मी काका आहे, नाही म्हणालो.

2 फेब्रुवारी

शेवटचा दिवस. उस्ताद नाही, त्याचे सहा दिवस काल संपले. आम्ही दोघंच, लहान उतारावर. दहा पन्नासला मूठ फुटली. एकपर्यंत 11 खेपा. शेवटच्या चार न पडता, वळून, ठरवलेल्या खांबाशी थांबून. पुतण्या आता स्की जवळ जवळ समांतर ठेवून वळतो. माझा नांगर नांगरच आहे.

5 फेब्रुवारी, घरी

दोघांचा खर्च 1,06,700. यात कपडे, चष्मे, हातमोजे 5,600 आले. चष्म्यात कंजुषी करू नका, मी स्वस्तातला घेतला आणि तो दर दहा मिनिटांनी आतून धुरकट होत होता. याशिवाय जुन्या स्की, पार्सल आणि भरावावरचा साबण मिळून 9,200 पाण्यात.

दहा दिवसांतले पुरते कामाचे तास मोजले तर पंधराच्या आत. 28 आणि 29 तारखेला मूठ दाबली असती तर वीस झाले असते.

जाताना ओठांना लावायला काही नेलं नव्हतं, ते अजून सोलतायत.

13 फेब्रुवारी

हरभरा काढून ढीग घातलाय, मळणीयंत्र परवा मिळेल. आज बातम्यांत पश्चिमेकडून झंझावात येतोय म्हणून सांगितलं. वर बर्फ, आपल्याकडं वीजवारा आणि तुरळक गारा. दादाचा दुपारी फोन आला, भरावावरचा तुझा कागद रिकामा आहे का म्हणून. मी आणि पुतण्या गेलो, साबणाचा थर धुतला, फाटलेल्या तीन जागी चिकटपट्टी मारली आणि ढिगावर ओढला. दाबायला दगड कमी पडले. मग त्या 188 सेंटिमीटरच्या स्की आडव्या टाकल्या. बरोबर बसल्या.